दहा बाय सहाची जन्मतारीख

धम्मानंद सोमकुवर हा माणूस मला पहिली दोन वर्षं अजिबात आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. मी सुमती पांढरीपांडे, वय अठ्ठावन्न. ऑफिसात इंग्रजी पत्रव्यवहार पाहते. मला माणसं पटकन आवडत नाहीत, आणि त्यातून जो माणूस आपण टेबलावरचा कागद उचलायच्या आधी 'हा कोणत्या कामासाठी घेऊन राहिले मॅडम?' असं विचारतो, तो तर नाहीच आवडत.

आमचं ऑफिस मनीषनगरात, नळ आणि टाइल्सच्या एका दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. बावीस माणसं. रॉटरडॅमची एक कंपनी हॉलंडातल्या म्हाताऱ्यांना कानाची मशीनं विकते. त्या म्हाताऱ्यांचे पत्ते, तक्रारी, कान तपासल्याचे कागद नागपुरात येतात आणि आमची पोरं ते नीट लावून परत पाठवतात. तिकडच्या एखाद्या आजोबांना डाव्या कानानं ऐकू येत नाही की उजव्या, हे त्यांच्या सुनेला माहीत नसेल, पण आमच्या मुग्धाला तोंडपाठ असतं.

आता एका देशातल्या माणसाची खाजगी माहिती दुसऱ्या देशात पाठवायची, तर त्याचे युरोपातले नियम फार कडक. आपल्याकडेही तसा कायदा झालाय, तो टप्प्याटप्प्यानं लागू होतोय. रॉटरडॅमवाल्यांनी आमच्याशी जो करार केला तो एकशे बारा पानांचा. त्यात एक कलम असं की, नागपूरच्या ऑफिसनं एक जबाबदार अधिकारी नेमावा, त्याचं नाव दारावर लावावं, आणि कोणाच्या माहितीचा काही घोळ झाला तर त्यानं चोवीस तासांत लेखी कळवावं. पुढे ते त्यांच्या सरकारी कार्यालयाला बहात्तर तासांत कळवणार. आमचे मालक विक्रम काळमेघ, वय अडतीस, यांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, "अधिकारी कोण होणार?" सगळ्यांनी जमिनीकडे पाहिलं. मी मोतीबिंदूचं कारण सांगितलं.

धम्मानंदभाऊ तेव्हा किल्ल्या, पाण्याच्या कॅन आणि गेटपास सांभाळायचे. त्याआधी बुटीबोरीला एका कापडाच्या कारखान्यात एकोणीस वर्षं टाइम ऑफिसात होते, म्हणजे कोण किती वाजता आत गेला आणि कधी बाहेर आला ते लिहायचं. त्यांनी मागून हात वर केला आणि म्हणाले, "सर, ते एकशे बारा पानं मले वाचाले भेटतील का?"

तो करार कोणीच वाचला नव्हता. ज्यांनी सही केली होती त्यांनीही नाही.

त्यांनी तो घरी नेला. मुलगी जया कॉलेजात शिकते, तिला बसवून एकेक शब्द डिक्शनरीत पाहिला; अडलं की सकाळी माझ्या टेबलाशी उभे. कायदा म्हटलं की आपण वकिलाला फोन करतो, ते पुस्तक उघडतात. त्यांच्या बैठकीत तसबिरीखाली राज्यघटनेची प्रत आहे, आणि ती वाचून वाचून पानं सुटलेली आहेत. आमच्या घरी गीता आहे, तिच्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही.

महिनाभरानं कपाटाच्या खोलीच्या दारावर अॅक्रिलिकची पाटी लागली: 'ध. बा. सोमकुवर, माहिती संरक्षण अधिकारी'. ती त्यांनी स्वतः पुसली, दोनदा. मी टोमणा मारला, "काय भाऊ, कलेक्टर झाले वाटतं." ते म्हणाले, "मॅडम, याच्या आधी माह्यं नाव एकदाच भिंतीले लागलं होतं. बुटीबोरीले, गेटवर. कामावरून कमी केल्याच्या यादीत." मग मी टोमणे मारायचं थांबवलं. तेवढ्यापुरतं.

पण त्या पाटीनंतर आमचं जगणं कठीण झालं. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या रजिस्टरावर पुठ्ठा आला. त्याला एका ओळीपुरती खिडकी कापलेली, म्हणजे तुमच्या आधी कोण आलं ते तुम्हाला दिसू नये. माझ्या काचेखालची सगळ्यांच्या फोन नंबरांची यादी एका दुपारी गायब. सौरव दोन दिवस आला नाही म्हणून मी सहज विचारलं, काय झालं त्याला, तर उत्तर मिळालं, "ते आरोग्याची माहिती झाली, मॅडम." अहो, त्याला जुलाब झाले होते, साऱ्या मजल्याला ठाऊक होतं.

ऑफिसची सहल रामटेकला गेली तेव्हा तर हद्द झाली. मुक्कामाच्या जागी कारकुनानं सगळ्यांच्या आधारकार्डाची झेरॉक्स मागितली. धम्मानंदभाऊंनी त्याला विचारलं, कशाला पाहिजे, किती दिवस ठेवणार, कुठं ठेवणार आणि फाडणार कधी. गड चढून उतरलेली, भुकेली बावीस माणसं बॅगा घेऊन पाऊण तास पायरीवर बसली. शेवटी तो कारकून म्हणाला, "राहू द्या भाऊ, आमची मशीनच बंद आहे." हे समाधानानं आत गेले. मी त्या दिवशी त्यांच्याशी जेवतानाही बोलले नाही.

तर असा हा माणूस. आणि घोळ केला तो त्यानंच.

गेल्या हिवाळ्यात रॉटरडॅमहून हॅनेके नावाच्या बाई तपासणीला आल्या. चार दिवस राहून त्या पाहणार होत्या की नागपूरला युरोपातल्या माणसांची माहिती नीट सांभाळली जाते की नाही. त्यांच्या अहवालावर करार पुढे चालू राहायचा होता, नाहीतर काम दुसऱ्या कुठल्या देशात. म्हणजे बावीस जणांची नोकरी त्या एका बाईच्या वहीत होती. पोरांना कुठंतरी मिळाली असती. मला आणि धम्मानंदभाऊंना कोणी उभं केलं नसतं. ते छप्पन्नचे.

बाईंचं हॉटेल ठरवायला आणि गेटपास करायला त्यांच्या पासपोर्टची प्रत आली होती. ती अर्थातच कुलपात. किल्ली धम्मानंदभाऊंकडे. आणि कुलपातला कागद बाहेर काढला की वेळ आणि कारण लिहायचं, हा नियमही त्यांचाच. त्या रजिस्टरात त्यांच्याच वळणदार अक्षरात नोंद आहे: '११.१० ला काढला, ११.१४ ला ठेवला. कारण: वाढदिवस.'

कारण त्यांना दिसलं होतं की मुक्कामाच्या दुसऱ्याच दिवशी बाईंचा वाढदिवस येतो. तारीख मी इथं लिहीत नाही. ती लिहिण्यावरूनच एवढं रामायण झालं.

आता नागपुरात वाढदिवस कळला आणि चौकात फ्लेक्स लागला नाही, तर त्या माणसाला गावात कोणी नाही असा अर्थ होतो. कॉलनीतल्या कुत्र्याचाही लागलेला मी पाहिला आहे. धम्मानंदभाऊ साहिलकडे गेले. साहिलचं फ्लेक्सचं दुकान खालीच. मालकांना विचारलं, मालक खूश. "एकदम भारी. संध्याकाळी बाईंना चौकात नेऊ, तिथंच केक कापू." वाढदिवशी सकाळी सातला फ्लेक्स लागला. दहा बाय सहा.

मी साडेनऊला ऑटोतून येताना तो पाहिला. बाईंचा पासपोर्टवरचा फोटो दारएवढा केलेला. पासपोर्टच्या फोटोत हसायचं नसतं, त्यामुळे चेहरा पोलीस चौकीत लावतात तसा, आणि खाली लिहिलेलं: 'हसतमुख व्यक्तिमत्त्व'. पासपोर्टवरचं पाच शब्दांचं पूर्ण नाव. 'यांना ६१ व्या वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा. रॉटरडॅम येथील कर्तव्यदक्ष नेतृत्व.' दोन मोर, एक झेंडूचा हार. तळाशी शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो: विक्रम सर, धम्मानंदभाऊ, आणि गॉगल लावलेले दोन पोट्टे, जे साहिलच्या आधीच्या कुठल्या तरी कामातून चुकून राहिले होते. ते कोण ते आजतागायत कळलेलं नाही.

मी हसले. बाईंना गंमत वाटेल, एवढंच मनात आलं. एकशे बारा पानांतले निम्मे शब्द मीच त्या माणसाला समजावून सांगितले होते, तरी माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही. हे मी स्वतःच्या विरुद्ध लिहिते आहे, याची नोंद घ्यावी.

बाई हॉटेलमधून वर्धा रोडच्या बाजूनं यायच्या, त्यामुळे त्यांना फ्लेक्स दिसलाच नाही. दहाला त्या वर आल्या, स्वतःची पाण्याची बाटली टेबलावर ठेवली आणि आमचा वर्ग घेतला. मी शेजारी उभी राहून मराठी करत होते. उंच, पांढरे आखूड केस, बोलणं सावकाश. त्या म्हणाल्या, "एक उदाहरण घेऊ. हे मी प्रत्येक देशात देते. कर्मचाऱ्याला फाइलमध्ये दिसलं की एका ग्राहकाचा उद्या वाढदिवस आहे. त्यानं त्याला फुलं पाठवली. चालेल का?"

सौरव म्हणाला, "चालेल ना मॅडम. चांगलीच गोष्ट आहे."

धम्मानंदभाऊंचा हात वर होताच. ते उठले आणि कडक आवाजात म्हणाले, "नाही चालत. तारीख त्यानं दुसऱ्या कामासाठी दिली. उद्देश बदलला. उद्देश बदलला की पुन्हा विचाराले लागते."

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा थोड्याशा हसल्या.

भाऊ रुबाबात खाली बसले. मग हळूहळू त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं बीपी. त्यांनी वहीचा कोपरा फाडला, काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे सरकवलं. त्यावर एवढंच होतं: 'मॅडम, फ्लेक्स.'

अकरा चाळीसला चहाची सुट्टी झाली. आम्ही दोघं मालकांच्या केबिनमध्ये.

"सर, घोळ झाला. म्या केला," भाऊ म्हणाले, आणि सगळं सांगितलं.

विक्रम सर पांढरे पडले. मग म्हणाले, "काढून टाका ना मग. साहिलला फोन लावा, दहा मिनिटात खाली उतरवते. बाईनं कुठं पाहिला अजून?"

"बाईनं नाही पाहिला सर. मनीषनगरनं पाहिला."

"भाऊ, तुम्ही समजून राहिले का? हे कागदावर आलं तर करार गेला. बावीस घरं आहेत. तुमचं पण आहे."

"माहीत आहे. मले आता कोणी घेत नाही, तेही माहीत आहे."

"मग काहून लिहून देऊन राहिले?"

"सर, पाण्याच्या कॅनवाल्यापासून सगळ्याइले म्या हा नियम लावला. आता माह्यावर आला, तर खिशात घालू का?"

सर माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही तरी सांगा यांना."

आणि मी सांगितलं. "काढून टाका धम्मानंदभाऊ, आणि गप्प बसा." मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं आणि माझ्या डोळ्यापुढे ते दिसत होतं.

त्यांनी घोळ कळवायचा छापील फॉर्म माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाले, "मॅडम, फॉर्म इंग्लिशमध्ये भराचा आहे. तुम्ही नाही म्हनाल तर माह्या इंग्लिशमध्ये भरतो. पण मग करार माह्या स्पेलिंगा पाहूनच जाईल."

मी पेन घेतलं. रागानंच घेतलं, पण घेतलं.

घोळाचं स्वरूप, तारीख, वेळ, कोणती माहिती बाहेर गेली, सगळं भरलं. नवव्या प्रश्नाशी अडलो: ही माहिती किती जणांनी पाहिली? विक्रम सर केबिनच्या दारातून म्हणाले, "लिहा पाच."

"न मोजता?" भाऊंनी विचारलं, आणि टेप घेऊन जिना उतरले. मी साक्षीदार म्हणून मागे.

फ्लेक्स आधी उतरवला, मोजला, गुंडाळला. मग चौकात चौकशी. पानठेल्यावर नानाजी होते. "पाह्यला ना," ते म्हणाले, "बाई कोण आहे? नगरसेवकाले उभी राहून राहिली का?" भाऊंनी त्यांचं नाव लिहून घेतलं. ऑटोवाल्या अंकुशनं फ्लेक्ससमोर उभं राहून फोटो काढला होता आणि स्टेटसला ठेवला होता. वर लिहिलं होतं 'हॅपी बड्डे ताई'. भाऊंनी हात जोडले, त्यानं बिचाऱ्यानं लगेच काढून टाकला. असं करत करत सोळा नावं झाली. सोळावं लिहिता लिहिता भाऊंचं पेन थांबलं.

"मॅडम," ते म्हणाले, "हे काय करून राहिलो आपण?"

"काय?"

"हे सोळा मानसं नागपूरचे. त्याइचे नावं हॉलंडले पाठवाचे, तर हीच झाली ना दुसऱ्या देशात माहिती? यायले विचारलं कोनी?"

मी कपाळाला हात लावला. त्यांनी यादीचे तुकडे करून खिशात घातले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. आपला कायदा म्हणतो की परवानगी मागायची तर माणसाला कळेल अशा भाषेत मागा. म्हणून झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून त्यांनी मराठीत मजकूर केला: 'मी सदर फ्लेक्स पाहिला, ही गोष्ट माझ्या नावासह हॉलंड देशात कळवण्यास माझी हरकत नाही.' वीस प्रती काढल्या. नानाजींनी तीन वेळा वाचून सही केली आणि विचारलं, तिकडून काही भेटते का. अंकुशनं विमानतळावर तपासणीला उभं राहिल्यासारखा चेहरा करून सही केली. असे पंधरा झाले.

सोळाव्या इंदूबाई. चौकाच्या कडेला भाजी घेऊन बसतात. त्यांनी फॉर्म उलटा सुलटा करून पाहिला आणि विचारलं, "काहून गा? माह्या नावाचं तिकडे काय काम?"

"काही नाही बाई. तुम्ही नाही म्हनू शकता."

"मग नाही."

भाऊंनी त्यांना नमस्कार केला. खरोखर वाकून. "बाई, दोन वर्षांत नाही म्हननाऱ्या तुम्ही पह्यल्या."

"बरं," इंदूबाई म्हणाल्या, "सांभार घेता का?"

भाऊंनी कोथिंबिरीची जुडी घेतली. मी म्हटलं, निदान आपल्या माहितीसाठी तरी त्यांचं नाव लिहून ठेवा, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी फॉर्म उघडला. आता फॉर्मवर काय लिहायचं ते पाहावं म्हणून मी नववा प्रश्न पुन्हा वाचला. नीट वाचला. त्यात फक्त आकडा मागितला होता. नावं मागितलीच नव्हती.

"हे तुम्ही आधी काहून नाही सांगितलं?" भाऊ चौकाच्या मधोमध उभे राहून म्हणाले.

"मी आत्ताच वाचलं."

काम नसेल ती माहिती द्यायची नाही, हा नियम सगळ्या मनीषनगरात एकट्या इंदूबाईंना कळला होता: माह्या नावाचं तिकडे काय काम? पंधरा फॉर्म ज्याचे त्याला परत केले. नानाजींना फार वाईट वाटलं. रकान्यात आम्ही लिहिलं: 'विचारलेले सोळा, न विचारलेले मोजता आले नाहीत.'

चार वाजता भाऊंनी तो फॉर्म बाईंच्या हातात दिला. त्यांनी तो आमच्यासमोर वाचला. चेहरा फ्लेक्सवर होता तसाच. मग शेवटच्या पानावरची सही पाहिली, भाऊंकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "उद्या दहा वाजता बोलू." संध्याकाळचा केक आला होता. विक्रम सरांनी सुरीनं त्यावरचं नाव खरवडून काढलं, आणि तो तसाच फ्रिजमध्ये राहिला.

दुसऱ्या दिवशी दहाला टेबलाच्या एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला आम्ही तिघं. कोपऱ्यात गुंडाळलेला फ्लेक्स, पुरावा म्हणून. भाऊ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते.

"हे कोणी ठरवलं?" बाईंनी विचारलं.

"म्या."

"आणखी कोणाला माहीत होतं?"

विक्रम सर पंख्याकडे पाहू लागले. भाऊ म्हणाले, "ते ज्याचं त्यानं सांगावं. दुसऱ्याची माहिती म्या काहून देऊ?" मी हे इंग्रजीत केलं. विक्रम सर घसा खाकरून म्हणाले, "मला माहीत होतं." मग माझ्याही तोंडातून निघून गेलं, "आणि मी सकाळी पाहिला होता."

बाईंनी तिन्ही लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवलं. "मिस्टर सोमकुवर, काल वर्गात सर्वांत बरोबर उत्तर तुम्ही दिलंत. नियम तुम्हाला माहीत होता. मग का केलंत?"

भाऊंनी खुर्ची पुढे ओढली. मग माझ्याकडे न पाहता, सरळ बाईंकडे पाहून मराठीतच बोलू लागले.

"मॅडम, बुटीबोरीले म्या एकोणीस वर्ष लोकाइचे नावं लिहिले. बाराशे मानसं. कोनाचा जन्म कधीचा, कोनाचं गाव कोनतं, सगळं माह्याजवळ होतं. त्या कागदाचं म्या कधी काही केलं नाही. कोनी बिहारचा, कोनी ओडिशाचा. त्याचा वाढदिवस असला तरी तो त्या दिवशी मशीनवर उभा, आनि मी खिडकीतून त्याची वेळ लिहून घेतो. मले माहीत असे, आनि मी काही बोलत नसे. कारखाना बंद झाला, सगळे आपापल्या गावी गेले. तवा मले वाटलं, येवढं सगळं माहीत असून म्या एकालेही कधी काही म्हनलं नाही. तुमची तारीख दिसली. तुम्ही येवढ्या दूर, हॉटेलात एकट्या. म्हनलं, या बाईचं तरी तसं होऊ नये. नियम आठवलाच नाही. चूक झाली. शिक्षा द्या."

मला हे इंग्रजीत करायचं होतं. तीस वर्षं मी इंग्रजी लिहिते आहे. बाराशे माणसांपर्यंत आले आणि अडले. पाणी प्यायले, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडकले. शेवटी विक्रम सरांनी पुढचं सांगितलं, मोडक्यातोडक्या शब्दांत, पण सगळं सांगितलं.

बाईंनी वही मिटली. मग म्हणाल्या, "एकोणीस वर्षं मीही हेच काम करते. नऊ देश झाले. प्रत्येक ठिकाणी विचारते, काही चूक झाली का. सगळे सांगतात, काही नाही. मला ते कधीच खरं वाटत नाही. तुमच्या ऑफिसचा कागद मी विश्वासानं वाचू शकते, कारण त्यात चूक लिहिली आहे, मापासकट. करार चालू ठेवावा असं मी लिहीन." त्या थांबल्या. "पण ज्यानं चूक केली, तो त्या पदावर—"

"बरोबर आहे," भाऊ म्हणाले. माझं मराठी व्हायच्या आधीच. त्यांनी पिशवीतून दारावरची पाटी काढली आणि टेबलावर ठेवली. सकाळी आल्या आल्या स्वतःच स्क्रू काढले होते.

नवा अधिकारी कोण, असं बाईंनी विचारलं. विक्रम सर माझ्याकडे पाहू लागले, आणि मी हो म्हणाले. का म्हणाले ते मला अजून नीट सांगता येत नाही.

वाटलं, संपलं. पण भाऊ उठेनात. त्यांनी वहीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "मॅडम, आता अधिकारी तुम्ही. हा तपासून पाहिजे."

मी वाचला. हातानं आखलेला फॉर्म होता. 'माहिती कोणती: काल आपला वाढदिवस होता ही. उद्देश: शुभेच्छा देणे, तोंडी. कोणासमोर: या खोलीतले चौघे. कालावधी: एक मिनिट. आपण नाही म्हणू शकता.' खाली सहीसाठी रेघ.

मी तो ओळीओळीनं इंग्रजीत सांगितला. कायद्याच्या दृष्टीनं त्यात काही चूक सापडली नाही. बाईंनी कागद स्वतःकडे ओढला. वाचता येत नव्हता, तरी पाहत राहिल्या. एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे 'एक मिनिट' ना?" मी हो म्हटलं. त्यांनी ते खोडलं, वर इंग्रजीत लिहिलं, 'दरवर्षी', आणि सही केली.

धम्मानंदभाऊ उभे राहिले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि त्यांच्या इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, हॅपी बर्थडे, यस्टरडे." मला रडू आलं, म्हणून मी तो कागद उचलला आणि झेरॉक्स काढायच्या निमित्तानं बाहेर गेले.